घरोघरी पडदा: नागपूरच्या दिवाणखान्यांतून सिनेमाचे पैसे कसे उभे करायचे

आमच्या सिनेमाचा पहिला घरगुती खेळ आम्ही एप्रिलमध्ये केला, प्रतापनगरातल्या एका घरी. तो लक्षात राहिला कूलरमुळे. हॉलच्या खिडकीला भलामोठा लोखंडी कूलर, वाळ्याची ताटी नुकतीच बदललेली, आणि आत अठरा माणसं. कूलर चालू ठेवला की पडद्यावरचं बोलणं कळेना. बंद केला की दोन मिनिटांत लोक हातातल्या कागदानं वारा घ्यायला लागत. चौदा मिनिटांच्या तुकड्यात काकूंनी तो पाचदा चालू-बंद केला. तरी टाळ्या पडल्या, सगळे पोटभर जेवले आणि निघताना आमच्या हातात पाकिटं ठेवून गेले. घरी येऊन उघडली तर १०१, ५०१, १०१, एकात २५१. नाव एकावरही नाही.

बहिणीच्या लग्नात आलेली पाकिटं डोळ्यांपुढे आली. लोकांचं काही चुकलं नव्हतं. कुणी घरी बोलावून जेवू घालतं तेव्हा पैसे द्यायची आपल्याकडे एकच रीत आहे, आहेराची. आहेराचा आकडा नात्यावरून ठरतो, सिनेमाच्या गरजेवरून नाही. त्या रात्री कळलं ते असं: घरगुती खेळात पैसे सिनेमावाल्यानं मागायचेच नसतात. ज्याच्या घरी माणसं बसली आहेत त्यानं मागायचे, आणि तेही निमंत्रण देतानाच. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

कल्पना तशी जुनीच. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, असे दहा लाख उभे राहिले. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. पण पाच लाख माणसांच्या दारात बेनेगल गेले नव्हते, मागणारा त्या उत्पादकांचा स्वतःचा दूध महासंघ होता. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा कलेक्टिव्हनं गावोगावी फिरून, लोकांकडून वर्गणी गोळा करत ‘अम्मा अरियन’ केला, तो १९८६ मध्ये आला. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, वडशाच्या नाटक कंपन्या वर्षानुवर्षं हेच करतात. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, कंपनीला ठरलेली रक्कम देतं, तिकिटं खपवायचं काम मंडळाचं. गावात कुणाला काय म्हणायचं हे मंडळाला कळतं, कंपनीला नाही.

आधी आकडा

‘सिनेमासाठी मदत करा’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. कुठलं काम अडलंय आणि त्याला किती लागतात, एवढंच सांगता आलं पाहिजे.

माझ्या मते घरगुती खेळांसाठी सर्वांत योग्य वेळ म्हणजे चित्रीकरण संपलंय, कच्चं संकलन हातात आहे आणि ध्वनी, रंग, संगीत, सबटायटल बाकी आहेत. चित्रीकरणाआधी गेलात तर लोकांना फक्त तुमचा शब्द दिसतो, आणि पूर्ण सिनेमा घेऊन गेलात तर ‘झाला ना आता, मग पैसे कशाला?’ हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, पण मनात असतोच. अर्धवट काम समोर असलं की अडलेली जागा डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते.

समजा या उरलेल्या कामाची कोटेशनं घेतलीत आणि बेरीज ४,५०,००० झाली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत शनिवार-रविवार मिळून चाळीसेक संध्याकाळी हाती येतात. दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा हे सगळं वजा करा. दोन माणसांच्या चमूला वीस घरं झेपतात, त्याहून जास्त धरू नका. दर घरामागे रिक्षा, छपाई, किरकोळ वायरी मिळून १,५०० रुपये खर्च धरला तर वीस घरांचे ३०,००० होतात. हा खर्च सिनेमाच्या पैशांतूनच जाणार आहे, म्हणून तो लक्ष्यातच मिळवायचा: ४,८०,०००. म्हणजे घरामागे २४,०००.

आता २४,००० एका घरातून कसे निघतात ते मांडून पाहा. दोघांनी ५,००० दिले, चौघांनी २,०००, सहा जणांनी १,०००. झाले २४,०००, देणारे बारा. अठरा-वीस माणसांत बारा देणारे निघणं सोपं नाही, अशक्यही नाही, पण ५,००० वाले दोघं आधीपासून ठाऊक नसतील तर गाडी तिथेच अडते. सगळी घरं सारखीही निघत नाहीत. एखाद्या घरी सहा हजारांवर अडतं, दुसरीकडे चाळीस हजार जमतात. म्हणून पहिली तीन घरं चाचणी समजा. तिघांची सरासरी बारा हजारांच्या खाली आली तर घरांची संख्या वाढवायच्या मागे लागू नका. उरलेल्या कामाची यादी पुन्हा काढा, काय कमी करता येतं ते बघा. संख्या वाढवत गेलेले दोन मित्र मी पाहिलेत. फेब्रुवारीत दोघांनाही आपल्याच सिनेमाचा कंटाळा आला होता.

यजमान कसा निवडायचा

लोकांची पहिली धाव मोठ्या बंगल्याकडे असते. आमचीही होती. मोठा हॉल असलेल्या माणसाला माणसं जमवता येतातच असं नाही. त्यापेक्षा कॉलनीच्या गणपतीचा खजिनदार शोधा. दर वर्षी पावती पुस्तक घेऊन जिना चढणाऱ्याला पैसे मागताना घाम फुटत नाही, आणि कोण किती देतो हे त्याला तोंडपाठ असतं. भिशी चालवणाऱ्या वहिनी तितक्याच कामाच्या. महिन्याला बारा-पंधरा बायकांकडून ठरल्या दिवशी पैसे गोळा करणं आणि त्यांचा विश्वास टिकवणं, हीच इथे लागणारी विद्या. निवृत्त शिक्षक उत्तम, कारण त्यांचे विद्यार्थी येतात आणि सरांसमोर पाकिटात शंभराची नोट घालायला लाजतात.

होकार घेण्याआधी यजमानांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पंचवीस जणांना तुम्ही स्वतः फोन कराल का? निमंत्रणातच पैशाचं सांगाल का? आणि त्या संध्याकाळी उभं राहून, स्वतः किती दिले ते सांगून, बाकीच्यांना म्हणाल का? तिसऱ्या प्रश्नावर ‘ते तुम्हीच बोला ना, तुम्हाला जमतं’ असं उत्तर आलं तर नम्रपणे चहा पिऊन निघा. किंवा ते घर तालमीला वापरा, पैशाची आशा न धरता.

स्वतःच्या आईवडिलांच्या घरी पहिला खेळ करू नका. मावशी-आत्या येतील, कौतुक करतील, आणि सिनेमा कसा आहे हे कुणीही खरं सांगणार नाही.

आणखी एक. नागपुरात असा उपक्रम सुरू झाला की तो धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर यांच्यातच गोल गोल फिरतो. ओळखीतून ओळख निघते आणि पाचव्या घरी पहिल्या घरचीच माणसं दिसायला लागतात. मुद्दाम इंदोऱ्याला जा, नंदनवनला जा, मानेवाड्याला, महालातल्या वाड्यात जा. उत्तर नागपुरात विहारासाठी, जयंतीसाठी वर्गणी काढायची आणि तिचा चोख हिशेब विचारायची जुनी सवय आहे. एका घरी आमच्या हिशेबाच्या कागदावर सगळ्यांत बारीक प्रश्न आले ते तिथे, आणि त्या घरी दोनशे-दोनशे करत आकडा बाकी घरांच्या बरोबरीनं गेला. जरीपटक्याकडे किंवा सदरला गेलात तर पाहुण्यांतले निम्मे हिंदी बोलणारे असतील, हिंदी सबटायटलची प्रत सोबत ठेवा.

ऋतू आणि वेळ

कूलरची गोष्ट वर सांगितली, तेव्हा मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत खेळ ठेवूच नका. एसी असलेल्या घरी चालेल असं वाटतं, पण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत संध्याकाळी सहाला कुणी घराबाहेर पडत नाही.

सर्वांत चांगले दिवस कोजागिरीपासून सुरू होतात. कोजागिरीलाच पहिला खेळ ठेवता आला तर सोन्याहून पिवळं, लोक तसेही गच्चीवर दुधासाठी जमणारच असतात. संक्रांत ते रथसप्तमी या काळात हळदीकुंकवाला जोडून खेळ करता येतो. बायकांचा पाहुणचार, वाण, आणि त्यानंतर अर्धा तास सिनेमा. आमच्या एका यजमान काकूंनी वाण म्हणून सिनेमाचं छोटं पोस्टकार्ड छापून घेतलं, मागे क्यूआर कोड. त्याला मी आधी हसलो होतो.

डिसेंबरमध्ये नागपूरला साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो, मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी. गच्चीवर खेळ असेल तर साडेसहाला पूर्ण अंधार मिळतो, हा आपला फायदा. पण आठनंतर गारठा आणि दव दोन्ही उतरतात, सतरंज्यांवर बसलेली माणसं उठायला लागतात. शाली-गोधड्या आणायला निमंत्रणातच सांगा. हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यात सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडचे रस्ते मोर्चांमुळे कधी बंद होतील याचा नेम नसतो. तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाचं घर घ्या.

काय दाखवायचं

पूर्ण कच्चा सिनेमा दाखवू नका. दोन मिनिटांचा टीझरही नको, टीझर मोबाइलवर पाहतात आणि विसरतात. सगळे मिळून बारा ते अठरा मिनिटांचे, सलग पाहता येतील असे दोन किंवा तीन प्रसंग काढा. त्यातला एक प्रसंग पूर्ण तयार असू द्या, ध्वनी-रंगासकट. दुसरा मुद्दाम कच्चा ठेवा, जिथे मागून ट्रॅक्टर आणि वारा ऐकू येतो आणि नटाचं वाक्य अर्धं बुडतं. आधी कच्चा, मग तयार. लोकांना ध्वनिमिश्रण म्हणजे काय हे समजावून सांगायची गरजच उरत नाही.

काम चालू असताना संकलक बऱ्याचदा तात्पुरतं म्हणून एखादं प्रसिद्ध गाणं टाकून ठेवतात. दाखवायच्या प्रतीतून ते काढा. त्याचे हक्क तुमचे नाहीत हे एक. दुसरं म्हणजे लोकांना ते गाणं आवडतं आणि तुम्हाला वाटतं प्रसंग आवडला.

फाइलच्या कोपऱ्यात ‘काम चालू आहे’ आणि तारीख अशी पुसट अक्षरं असू द्या. लिंक कुणालाही पाठवायची नाही, ‘मुलगा पुण्याला आहे, त्याला दाखवतो’ असं कितीही प्रेमानं मागितलं तरी. कुणीतरी ती सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतंच.

खोली, पडदा, आवाज

माणसं बारापर्यंत असतील आणि घरात पंचावन्न इंची टीव्ही असेल तर प्रोजेक्टरचा हट्ट नको. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ‘सिनेमा’ मोडवर ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर तुमचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसेल. टीव्ही पेनड्राइव्हवरची फाइल वाचेल यावर विसंबू नका, लॅपटॉप आणि एचडीएमआय वायर न्या. पेनड्राइव्ह वापरायचाच असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, जुन्या फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

प्रोजेक्टर असेल तर पडदा किती मोठा येईल हे घर पाहायला जाता तेव्हाच मोजा. साधारण प्रोजेक्टरचं गुणोत्तर दीडाच्या आसपास असतं, म्हणजे सहा फूट रुंद चित्राला नऊ फूट मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ फूट मागे गेलात की प्रोजेक्टर नेमका आजोबांच्या आरामखुर्चीवर येतो. पांढरी सपाट भिंत असेल तर पडद्याची गरज नाही. नाहीतर इस्त्री केलेलं मांजरपाट ताणून बांधा, खालच्या कडेला काठी शिवून. चुरगळलेल्या चादरीवर नायिकेच्या कपाळावर सुरकुती पडते आणि पुढची दहा मिनिटं सगळे तीच पाहतात. प्रोजेक्टर विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या, आणि खोक्यावर छापलेले हजारो ल्यूमेन (प्रकाशाचं माप) न पाहता ‘एएनएसआय’ ल्यूमेन किती ते विचारा. पडदे ओढून अंधार केलेल्या खोलीला अडीच-तीन हजार पुरतात.

आवाज चित्रापेक्षा महत्त्वाचा. मिणमिणतं चित्र लोक निभावून नेतात, न ऐकू येणारा संवाद नाही. ब्लूटूथ स्पीकर टाळा. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, शिवाय एका घरी ऐन मृत्यूच्या प्रसंगात आमच्या स्पीकरला घरातल्या पोराचा फोन जोडला गेला आणि क्रिकेटची कॉमेंटरी सुरू झाली. वायरीचे दोन स्पीकर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. फ्रिज बंद करायला सांगा आणि तो नंतर सुरू करायची आठवण स्वतःच्या हातावर लिहून ठेवा. एकदा विसरलो. त्या घरच्या वितळलेल्या आइसक्रीमचा विषय अजून काढला जातो.

घरातलं कुठलं सॉकेट इन्व्हर्टरवर आहे ते विचारून प्रोजेक्टर तिथेच लावा. प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर मिळून पाचशे वॅटच्या आत बसतात. वीज गेलीच तर खोलीतले पंखे-दिवे कमी करायचे. दिव्याचा प्रोजेक्टर अचानक बंद झाला की आतला पंखाही थांबतो, त्यानं दिवा खराब होतो आणि भाड्याचं डिपॉझिट जातं. महालातल्या जुन्या वाड्यात अजूनही दोन पिनांची सॉकेटं सापडतात. तीन पिनांचा अॅडॉप्टर, दहा मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि काळी चिकटपट्टी पिशवीत कायम असू द्या. जमिनीवरची वायर चिकटपट्टीनं दाबली नाही तर कुणी ना कुणी अडखळतं, आणि ते नेमके सर्वांत वयस्कर पाहुणे असतात.

ती संध्याकाळ

तुम्ही दोन तास आधी पोहोचायचं. साडेसहाला माणसं येऊ लागतात, सात वाजता सुरुवात. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबायचं नाही, नागपुरात सातचं निमंत्रण म्हणजे साडेसात हे खरं असलं तरी. दोन घरांनंतर ‘यांच्याकडे वेळेवर सुरू होतं’ ही बातमी आपोआप पसरते. आधी पाणी आणि चहा, बाकी काही नाही.

यजमान दोन मिनिटं ओळख करून देतात. तुम्ही तीन मिनिटं बोलायचं: सिनेमा कशाबद्दल आहे आणि आता काय पाहणार आहात. प्रेरणा, बालपण, संघर्ष हे सगळं गाळा. मग प्रसंग दाखवा. मग दिवे लावा आणि गप्प बसा. ही शांतता अवघड असते, पण पहिला प्रश्न पाहुण्यांकडूनच यायला हवा. आमच्या बहुतेक घरी तो कुठल्यातरी काकांनी विचारला: “भाऊ, पिक्चर त चांगला होऊन राहिला, पण हे पैसे नेमके कायले लागतेत?” असा प्रश्न आला की समजा संध्याकाळ जमली. छापलेला खर्चाचा कागद वाटा, एकाच पानाचा, मोठ्या अक्षरात.

जेवण त्यानंतर, आधी कधीच नाही. पोट भरलं की माणसं घड्याळ पाहतात. पहिल्या घरी आमची हीच दुसरी चूक होती. जेवणही साधं ठेवायला यजमानांना सांगा, नाहीतर सावजी रश्श्याची चर्चा सिनेमावर मात करते. हिवाळ्यात सांबारवडी (आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) आणि कढी, नाहीतर तर्री-पोहे, एवढं पुष्कळ. बसल्या जागी बशीत खाता येईल असं काही असलं की लोक उठून पांगत नाहीत, आणि बशी हातात धरूनच क्यूआर कोडजवळ जातात.

मागणं

निमंत्रणाचा मजकूर यजमानांच्या नावानं, त्यांच्या बोलीत जायला हवा. आम्ही एकीकडे वापरला तो असा: “शनिवारी सात वाजता आमच्याकडे एका नव्या मराठी सिनेमाचे काही प्रसंग दाखवणार आहोत. सिनेमा ध्वनीच्या कामासाठी अडला आहे. आम्ही आमच्या परीनं पैसे दिले आहेत, तुम्हालाही विचारणार आहोत. जमलं तर द्या, नाही जमलं तरी नक्की या, जेवायला थांबा. आहेर, पाकीट, भेटवस्तू आणू नये.” शेवटचं वाक्य फार कामाचं. त्यानं १०१ चा रस्ता बंद होतो आणि बिनपैशानं येणाऱ्याचा संकोचही जातो.

त्या संध्याकाळी यजमानांनी उभं राहायचं. लक्ष्मीनगरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी जे बोलून दाखवलं ते मी पुढे प्रत्येक यजमानांना सांगत आलो. ते म्हणाले, “मी पाच हजार दिले. हे परत येणार नाहीत, मला माहीत आहे. दर वर्षी मी याहून जास्त पैसे फटाक्यांत घालतो. अजून एकानं पाच दिले तर आपल्या घराकडून एका दिवसाचं मिक्सिंग होईल. बोला, देशमुख बसलेत की नाही?” शेवटच्या वाक्याला हशा पिकला आणि मागून एक हात वर आला. तेच वाक्य मी म्हणालो असतो तर उद्धटपणा झाला असता.

रक्कम वस्तूला जोडलेली असावी: हजार रुपयांत इतक्या मिनिटांची सबटायटलं, पाच हजारांत स्टुडिओचा इतका वेळ. तुमच्या कोटेशनवरून खरे आकडे काढा, गोल करायला जाऊ नका. कुणी ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणालं तर वहीत लिहा आणि पुढच्या महिन्यात आठवण यजमानांनी करायची. तुम्ही केली की तो तगादा होतो.

वही, पावती आणि कायदा

पावती पुस्तक छापून घ्या, कार्बनचं, जुन्या पद्धतीचं. यूपीआयनं पैसे देणाऱ्यालाही कागदी पावती द्या. वयस्कर माणसं ती पाकिटात जपून ठेवतात आणि पुढच्या खेळाला काढून दाखवतात. नाव, रक्कम, दिनांक, फोन आणि श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं, एवढं त्याच वेळी लिहून घ्या. दोन दिवसांच्या आत यजमानांना एका पानाचा हिशेब पाठवा: किती जमले, कुठल्या कामाला गेले. सिनेमासाठी वेगळं बँक खातं पहिल्या खेळाच्या आधीच उघडा. घरखर्चाच्या खात्यात हे पैसे मिसळले की मार्चमध्ये तुमचा तुमच्यावरच विश्वास उरत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, खातं उघडायला ती उपयोगी पडते.

तिकीट लावू नका, चौकात पोस्टर लावू नका. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. नावानं बोलावलेली माणसं, राहतं घर आणि ऐच्छिक देणगी ही चौकट मोडली की तुमचा कच्चा तुकडा सार्वजनिक खेळ ठरू शकतो. गच्चीवर रात्री दहानंतर लाउडस्पीकर नको. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते येतं, आणि त्याहून कडक असतात शेजारचे आजोबा. त्यांनाही निमंत्रण द्या.

सर्वांत मोठा धोका उत्साहाच्या भरात येतो. कुणीतरी म्हणतं, ‘देणगी कशाला, आम्हाला नफ्यात दोन टक्के द्या.’ हो म्हणू नका. दहा घरांतल्या लोकांकडून परताव्याचं वचन देऊन पैसे घेतले की २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा यांच्या वाटेला जाण्याची भीती असते. खरंच कुणाला गुंतवायचे असतील तर ती बैठक वेगळी, वकील आणि सीएसोबत, खेळाच्या संध्याकाळी नाही.

करांचंही सीएला आधीच विचारा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० च्या वर गेली की वरचीच नाही, सगळी रक्कम करपात्र होते. हे पैसे व्यवसायाची जमा म्हणून दाखवून त्यातून सिनेमाचा खर्च वजा करणं तुमच्या बाबतीत बसतं का, ते त्यांना ठरवू द्या. आणि प्रत्येक घरी एक जण ‘८०जीची पावती मिळेल का?’ विचारतोच. देणगीवर करसवलत मिळवून देणारी ती पावती फक्त मान्यता असलेल्या संस्थांना देता येते, तुम्हाला नाही. सरळ ‘नाही’ सांगा. आमच्याकडे ‘बघतो’ म्हणून एकानं वेळ मारून नेली होती, पावती मागणारा माणूस सहा महिने फोन करत होता.

पुढचं घर

घरातून निघण्याआधी पुढच्या यजमानाची तारीख वहीत पडलेली असावी. ‘आमच्याकडेही ठेवा कधीतरी’ म्हणणारे खूप भेटतात, ती सौजन्याची बोली. खरा यजमान सहसा तो असतो ज्यानं सर्वांत किचकट प्रश्न विचारले, खर्चाचा कागद उलटून मागची बाजूही पाहिली. त्याच्याजवळ जाऊन तिथल्या तिथे दोन शनिवार सुचवा.

पैसे देऊन झालेल्यांना सिनेमा पूर्ण होईपर्यंत दोन-तीन वेळाच निरोप पाठवा: मिक्सिंग सुरू झालं, सबटायटलं झाली, प्रत तयार. रोजचे फोटो नकोत.

सिनेमा झाला की वीसही यजमानांसाठी एक खेळ करा, त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी गच्चीवर. त्याआधी श्रेयनामावलीची छापील यादी प्रत्येक यजमानांकडे पाठवून नावं तपासून घ्या, त्यांच्या पाहुण्यांचीसुद्धा. मानेवाड्याच्या एका आजींनी पाचशे रुपये दिले होते आणि नाव मात्र आजोबांचं लिहायला सांगितलं होतं. आम्ही आपलं समजून आधी ‘कै.’ लावलं. यादी हातात आल्यावर त्यांनी पेन मागितला, ते अक्षर खोडलं आणि म्हणाल्या, “ते आतच झोपलेत. त्यांनाच पिक्चरचा नाद, गुडघ्यानं येता येत नाही एवढंच.” शेवटचा खेळ त्यांच्या तळमजल्याच्या हॉलमध्ये केला, टीव्हीवर, फ्रिज बंद करून.